डावीकडच्या सीटवरून

साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी पहिली शिवी येते. तोवर शिकणाऱ्या बाईचा सगळा जीव क्लचमध्ये अडकलेला असतो; रस्त्यावर आणखी कोण आहे हे बघायला तिला उसंत नसते. मग क्लच पायात बसायला लागतो, गाडी गचके न खाता दुसऱ्या गिअरमध्ये जाते, मान जरा वर होते, आणि नेमका तेव्हाच एखादा मुलगा डावीकडून येऊन बोनेटच्या पुढून उजवीकडे निघून जातो. शिवी कोथरूडची, म्हणून सभ्य असते. "काय माणसं आहेत!" किंवा फार तर "मरायचंय का याला?" पण अगदी पोटातून आलेली असते. मी विचारते, "आज क्लासला कशावर आलात?"

"ॲक्टिव्हावर."

"आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला पुढे कुठून आलात?"

बाई आरशात बघते, मग माझ्याकडे बघते, आणि बहुतेक वेळा हसते.

मी पुण्यात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, मुख्यतः बायकांच्या बॅचेस. या कामाला नियमाप्रमाणे दहावी पास, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचा दाखला लागतो. दाखल्यासाठी आयटीआयला गेले तेव्हा वर्गात मी एकटीच बाई होते, पण ती गोष्ट वेगळी. त्याआधी लूना, मग स्कूटी, मग ॲक्टिव्हा, असा माझा प्रवास पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय मुलीसारखाच झाला. क्लासला अजूनही मी स्कूटरवरच येते. दारात हेल्मेट काढते आणि वॅगन आरच्या डाव्या दाराने आत बसते.

त्यामुळे वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांमध्ये 'दुचाकीस्वारांची बेशिस्त' आणि 'कारवाल्यांची मस्ती' असे दोन पक्ष पडलेले दिसले की मला गंमत वाटते. निदान पुण्यात तरी या दोन जमाती नाहीत. सकाळी मुलाला शाळेत सोडणारी स्कूटरवाली आणि रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन चिंचवडला निघालेली कारवाली एकच असते. अडचण अशी, की एका सीटवरचं शहाणपण उठून दुसऱ्या सीटवर तिच्याबरोबर येत नाही. ते कसं आणावं याच्या मागे मी आहे. क्लच-गिअर काय, कोणीही शिकवतं.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून शिकवणारी डावीकडे. माझ्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असतो, समोरच्या काचेवर माझ्यासाठी लावलेला जादा आरसा असतो आणि खिडकीबाहेर दिवसभर दुचाक्या असतात. गुडघे, कोपरं, हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी, दोघांच्या मध्ये झोपलेलं मूल, हेल्मेटमध्ये कोंबलेला मोबाइल. चालवणारीला जे आरशातल्या बोटभर काचेत दिसतं, ते मला हातभर अंतरावर दिसतं. आणि दुचाकी डावीकडूनच का येते, तेही इथे बसून कळतं. पौड रोडला कधीही बघा: मोटारी दुभाजकाला चिकटून, तीसच्या वेगाने, एकीमागे एक. मागून चाळीसने येणारा माणूस जाणार कुठून? नियम म्हणतो उजवीकडून ओव्हरटेक करा, आणि उजवीकडे महापालिकेची झुडपं आहेत. माझ्या विद्यार्थिनींना दुभाजक फार आवडतो, कारण तिकडून कोणी येत नाही; एक बाजू तरी भिंतीला लागल्याचा दिलासा. मी त्यांना तिथून ओढून डावीकडे आणते. हळू चालवायचं ना, मग हळू चालणाऱ्याच्या जागी चला. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. निम्मीच, कारण डावीकडे थांबलेली रिक्षा आहे, स्टॉपवरून निघणारी पीएमपीची बस आहे, आणि पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून समोरून उलटा येणारा महाभाग आहे. त्याची बाजू मात्र मी कधी घेत नाही.

आता खरी गोष्ट. दुचाकी कुठे जाणार हे दुचाकीकडे बघून कळत नाही. तिच्या पुढच्या रस्त्याकडे बघून कळतं.

मोटारीला चार चाकं. चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं खाली असलं तर मोटार एकदा खडखडते आणि पुढे जाते. दुचाकीवाल्याला त्या झाकणाचा पत्ता पाठ असतो, कारण ते चुकवलं नाही तर कंबर जाते आणि पावसात तर तो स्वतःच जातो. जुन्या डांबराला नवं काँक्रीट जिथे भेटतं तिथे एक कड असते; दुचाकीचं चाक त्या कडेला समांतर लागलं की हँडल ओढलं जातं, म्हणून जाणता माणूस ती कड जरा आडवा होऊन ओलांडतो. मागून बघणाऱ्या मोटारवालीला वाटतं, याला मध्येच काय झालं? बांधकामाच्या डंपरमधून वळणावर सांडलेली कच, पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगणारं तेल, ओले झाले की निसरडे होणारे झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, पेठांमध्ये गणपतीनंतर मांडवाच्या वाशांचे राहिलेले खड्डे. साचलेलं पाणी हा तर वेगळाच प्रकार: मोटार त्यातून फवारा उडवत जाते, दुचाकीवाला त्याला वळसा घालतो, कारण खाली काय आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि ते स्वतःच्या हाडांवर तपासून बघण्याची त्याची इच्छा नसते.

म्हणून चालत्या गाडीत माझी तोंडी परीक्षा चालू असते.

"पुढच्या स्कूटरच्या पुढे काय आहे?"

"चेंबर."

"मग ती कुठे जाईल?"

"उजवीकडे."

"किती?"

"दीड-दोन फूट."

"मग आपण?"

उत्तर द्यायच्या आत बाईंचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असतो. ज्यांनी वर्षानुवर्षं स्कूटर चालवली आहे त्यांना हे दोन दिवसांत जमतं. शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते. ज्यांनी कधी दुचाकी चालवलीच नाही, म्हणजे थेट मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आलेल्या मुली, त्यांना फार जड जातं. त्यांना स्कूटर दिसते, रस्ता दिसत नाही.

पण जमलेलं टिकत नाही, हे माझं दुखणं. काचा वर झाल्या, एसी लागला, सस्पेन्शनने खड्डे गिळायला सुरुवात केली, की रस्ता हळूहळू बाईंच्या हिशेबातून जातो. एक विद्यार्थिनी, शाळेत शिक्षिका, पंधरा-वीस वर्षं स्कूटरवर काढलेली, माझ्या त्या तोंडी परीक्षेत इतकी तरबेज होती की मीच कधी कधी मागे पडायचे. वर्षभराने घाटात चालवायचा धीर होत नाही म्हणून पुन्हा काही तास घ्यायला आली. दांडेकर पुलाजवळ पुढच्या मोटारसायकलने उजवीकडे अंग टाकलं, तशी ती म्हणाली, "हे लोक उगाच वळवळतात." खाली ताजी खोदलेली चर होती, केबलवाल्यांनी माती लोटून बुजवलेली. आमचं चाक त्यावरून गेलं तेव्हा मला ती कळली. तिला कळलीच नाही, कारण गाडी नवी होती आणि चांगली होती.

उगाच वळवळणारेही असतात, नाही असं नाही. कॉलेजच्या आसपास संध्याकाळी कट मारत जाणारी पोरं कुठला चेंबर चुकवत नसतात. पण त्यांना ओळखायला डोळ्यांची गरज नाही, सायलेन्सर पुरतो.

उलट्या बाजूचं, म्हणजे दुचाकीवाल्यांचं मोटारीबद्दलचं अज्ञान याहून मोठं आहे, आणि त्याला शाळाच नाही. मोटार शिकायची तर ड्रायव्हिंग स्कूलसाठी नियम आहे: हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं, प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तास. दुचाकी आपण कुठे शिकतो? मैदानावर, रविवारी सकाळी, मागून कॅरिअर धरून पळणाऱ्या बाबांकडे किंवा दादाकडे. त्यांना जे ठाऊक तेच पुढे जातं. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, पालथी पडशील," हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. खरं तर ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं बरंच काम तेच चाक करतं. पण भीती अशी मुरलेली, की माणसं मागच्या ब्रेकवरच आयुष्य काढतात. शेवटी २०१९च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांना नियमानेच दोन्ही चाकं एकत्र धरणारा ब्रेक आला, १२५ सीसीच्या वरच्यांना एबीएस, म्हणजे चाक जखडू न देणारा ब्रेक. जुन्या गाड्या अजून लाखांनी आहेत. अशी मागच्या ब्रेकवरची स्कूटर मोटारीच्या बंपरला चिकटून चालते, आणि मोटार एबीएसवाली असते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढे कुत्रं आलं, मोटार जागच्या जागी थांबली, आणि स्कूटरवाल्याचा विचार पुरा व्हायच्या आत त्याचे ते ११ मीटर संपलेले असतात.

लायसन्सच्या परीक्षेत दुचाकीवाल्याला आठ काढायला लावतात. पाय टेकला का, हे बघतात. वळायच्या आधी मागे बघितलंस का, हे कोणी विचारत नाही.

म्हणून प्रत्येक बॅचला मी एक खेळ करते. सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मोटार उभी करायची, विद्यार्थिनीला चालकाच्या सीटवर बसवायचं, आणि दुसरीने बंद स्कूटर ढकलत मोटारीभोवती हळूहळू फेरी मारायची. आतलीने सांगायचं: दिसतेय, दिसतेय, गेली. डाव्या मागच्या दाराच्या आसपास अशी एक जागा येते, की स्कूटर आरशातून बाहेर पडलेली असते आणि खिडकीत अजून आलेली नसते. अख्खी स्कूटर, तीवर अख्खी बाई. "खोटं बोलतेयस," बाहेरची म्हणते, "मला तू दिसतेयस की!" हे वाक्य ऐकायलाच मी तो खेळ करते. मग अदलाबदल करायची. बाहेरचीला आत बसवायचं.

समोरच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब हा खेळाचा दुसरा भाग. उजवा खांब चालकाच्या तोंडाशी, त्यामुळे जास्त जाड भासतो. गाडी वळताना खांबही वळतो, आणि बाजूने येणारी स्कूटर त्याच हिशेबाने सरकत असेल तर ती खांबाच्या आडच राहते. खांबाबाहेर येते तेव्हा थेट बोनेटवर. उपाय फुकट आहे, मान पुढेमागे करायची. पुण्यातल्या बायका स्कूटरवर स्कार्फ, गॉगल, सनकोट अशा बंदोबस्तात मान वळवत नाहीत, ती सवय घेऊनच त्या मोटारीत येतात. हेल्मेटने बाजूचं दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तो स्कार्फ किती झाकतो ते मोजावं. पण हेल्मेटबद्दल पुण्यात फार बोलू नये; १ जानेवारी २०१९ला सक्ती झाली तेव्हा त्याविरुद्ध इथे कृती समिती होती आणि आंदोलनं झाली होती.

दुचाकीवालीकडून मी एक गोष्ट घोकवून घेते: पुढच्या गाडीच्या आरशात चालकाचं तोंड दिसलं पाहिजे. तुला ते दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. काळ्या काचा असतील तर तू नाहीसच असं समज आणि मागे राहा. बस, मिक्सर, डंपर यांच्या डाव्या अंगाला तर कधीच थांबू नकोस. मोठं वाहन डावीकडे वळतं तेव्हा त्याचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या बरंच आतून येतं. ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्याला समोरचा चौक दिसतो, दारापाशी उभी असलेली स्कूटर नाही.

'दिसलाच नाही' हे आपल्याकडे अपघातानंतरचं सगळ्यात स्वस्त वाक्य, म्हणून मी बरीच वर्षं त्यावर विश्वास ठेवत नसे. मग एका प्रशिक्षणात हॅरी हर्ट यांच्या अभ्यासाबद्दल ऐकलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात त्यांनी मोटारसायकलींच्या सुमारे ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, अहवाल १९८१चा. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांश अपघातांत मोटारसायकलचा हक्काचा रस्ता त्या दुसऱ्या वाहनाने अडवला होता, आणि चालकांचं म्हणणं बहुधा तेच, दिसलाच नाही किंवा फार उशिरा दिसला. तिथले रस्ते रुंद, लेन आखलेल्या, मोटारसायकली मोजक्या, आपल्याकडे उलट. पण डोळा तोच. डोळा मोठ्या आकाराच्या शोधात असतो, बस-ट्रक-मोटार शोधतो, आणि तसं काही नाही असं बघून 'रस्ता मोकळा' असा निकाल देतो. यासाठीच एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि दिवसाही बंद होत नाही. इतकी वर्षं झाली, तरी भर दुपारी कोणी ना कोणी समोरून येताना पंजा उघडून-मिटून मला 'लाइट चालू आहे' असं सांगतोच. या शहरातला तो सर्वांत प्रेमळ हावभाव आहे, आणि सर्वांत निरुपयोगी.

थिअरीच्या तासाला मी फळ्यावर एकच आकडा लिहिते. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली; त्यांतली चव्वेचाळीस टक्क्यांच्या वर दुचाकीवरची. फळा मी पुसत नाही, तास संपेपर्यंत तो तसाच राहतो. त्यावर भाषण करत नाही. प्रत्येकीच्या घरी दुचाकी असते.

दुचाकी आणि मोटार या दोघांना प्रशासनाने वेगळं करून पाहिलेलं आहे. मुठेवर झेड ब्रिज आहे तो दुचाक्यांचा, मोटारीला तिथे जागाच नाही. आणि त्याच्या शेजारचा लकडी पूल, तिथे कित्येक वर्षं दुचाकींना बंदी होती. ती बंदी किती पाळली जायची, हे पुलाच्या टोकाला पावत्या फाडत उभ्या असलेल्या पोलिसांना विचारा. सगळ्या शहराचे असे दोन भाग करता येत नाहीत. सिग्नलला सगळे पुन्हा एकत्र येतातच.

सिग्नलच्या बाबतीत माझं मत आमच्या क्लासमधल्या इतरांना पटत नाही. दुचाक्या मोटारींच्या फटींतून झिरपत पुढे जातात आणि रेषेवर घोळका करतात, याची सगळ्यांना चीड. त्या झेब्रा क्रॉसिंगवर चढतात, तेवढी चीड मलाही आहे. चालणाऱ्याने जायचं कुठून? पण रेषेच्या अलीकडे थांबून त्या पुढे जमत असतील तर मला ते हवंच आहे. थांबलेल्या मोटारींच्या मध्ये हळू येणारी स्कूटर जितकी धोक्याची, त्याहून किती तरी जास्त धोका हिरवा दिवा लागल्यावर मोटारीच्या बगलेत राहिलेल्या स्कूटरचा. समोर असली की दिसते. म्हणून मी विद्यार्थिनींना सांगते: दिवा हिरवा झाला की लगेच क्लच सोडू नका, घोळका जाऊ द्या. त्यांचा पिक-अप तुमच्यापेक्षा चांगला आहे, त्या पुढच्या चौकात असतील तोवर तुमचा पहिला गिअर संपलेला नसेल. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे, गाडीवर एल आहे, एलला सगळं माफ असतं.

मध्यंतरी आमचे एक सर रजेवर होते म्हणून त्यांचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. हिंगोलीकडचा, दिवसा घरोघर सामान पोचवणारा, रात्रीही तेच. लोकांना दूध-ब्रेड दहा मिनिटांत हवं असतं, त्यातला दहा मिनिटांचा भाग हा. कॅब चालवायची म्हणून मोटार शिकत होता. पहिल्याच दिवशी पुढची मोटार इंडिकेटर न देता डावीकडे वळली आणि माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी याचा गेलेला होता.

"कसं कळलं रे?"

"चाक बघितलं, मॅडम."

"कोणतं?"

"फुडचं. बॉडी मागनं वळती, चाक आधी वळतं. इंडिकेटर बघून कोण चालवतंय?"

मग मी त्यालाच विचारत गेले. उभ्या मोटारीत डोकं दिसलं की दार उघडणार, असं तो धरून चालतो. डोकं दिसलं आणि ब्रेकलाइट आत्ताच विझला असेल तर नक्कीच. फोनवर बोलणाऱ्याची गाडी लेनच्या रेषेवरून हळूहळू कलते, तशी ती कलायला लागली की तो तिच्या शेजारी जात नाही. रिक्षावाला फुटपाथकडे बघत असला तर तो गिऱ्हाइकासाठी थांबणार. स्कूटरवाल्याचं डोकं नाही बघायचं, खांदा बघायचा. स्कूटरचे इंडिकेटर वळणानंतर मोटारीसारखे आपोआप बंद होत नाहीत, बरेच जण ते सुरू ठेवून मैलभर जातात. वळणाऱ्याचा खांदा मात्र आधी पडतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी यातलं बरंचसं उचललं आणि आता बायकांच्या बॅचला शिकवते, त्याचं नाव न घेता.

दाराची गोष्ट आमच्याकडेही होतीच, पण त्याने तिला धार आणली. एका विद्यार्थिनीच्या यजमानांनी टिळक रोडला मोटार थांबताच मागचं डावं दार उघडलं होतं. स्कूटरवरच्या काकांचा हात त्यात सापडला. हाड मोडलं नाही, नशीब. गर्दी जमली, आपल्याकडच्या शिरस्त्याप्रमाणे मोठ्या गाडीची चूक ठरली, आणि या वेळी शिरस्ता बरोबर होता. नेदरलँड्समध्ये सायकलवाल्यांसाठी म्हणून दार लांबच्या हाताने उघडायची पद्धत आहे. आपल्या चालकाने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. त्यासाठी अंग वळवावं लागतं, अंग वळलं की नजर मागे जाते. वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. आपल्याकडे खरा धोका डाव्या दारांचा, कारण दुचाक्या तिकडून येतात आणि तिथे मुलं, सासूबाई नि पाहुणे बसलेले असतात. त्यांनी उजव्या हाताने उघडायचं. मुलांच्या बाजूचं चाइल्ड लॉक लावून ठेवायचं आणि चालवणारीने उतरून दार उघडायचं. एका बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, आता दार उघडायला पण क्लास? पण शिकल्या. सुनेपेक्षा लवकर शिकल्या.

त्या हिंगोलीकडच्या मुलाची अडचण वेगळीच होती. रस्ता त्याला इतका कळायचा, की जिथे स्कूटर जाते तिथे तो मोटार घालायचा. बस आणि रिक्षा यांच्यात फट दिसली की हात आपोआप तिकडे. माझ्या बाजूचा आरसा फटकन मिटायचा. मी त्याला गाडीतून उतरवून डाव्या बाजूला उभं केलं, आणि गाडी त्याच्या बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावरून नेली. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. "इतक्या जवळून जाते व्हय, मॅडम?" इतकी वर्षं मोटारी त्याच्या तेवढ्याच जवळून जात होत्या, पण तेव्हा मध्ये त्याचा स्वतःचा वेग असायचा. उभं राहिल्यावर अंतर खरं दिसतं.

पक्क्या लायसन्सची परीक्षा नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर. एच, आठ, चढ. कडेला सेन्सर, चूक झाली की यंत्र सांगतं, साहेबाच्या मर्जीचा प्रश्न नाही. चांगली सोय आहे. तो पहिल्या झटक्यात पास झाला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, आत एक पण स्कूटर नव्हती."

परतीला स्टिअरिंग त्याच्याकडेच दिलं. कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, जुन्या हायवेवर दुचाक्यांचा पूर. हॅरिस पूल ओलांडून बोपोडीत आलो, तर पुढे एक ॲक्टिव्हा, उजवा इंडिकेटर चालू, बाई सरळ चाललेली.

"वळेल?" मी विचारलं.

"नाय. खांदा पडला नाही."

ती सरळच गेली. पुढच्या चौकातही सरळ, इंडिकेटर चालूच. त्याने तिच्या शेजारून काढली नाही, खिडकी खाली केली, आणि सिग्नलला ती शेजारी आली तेव्हा म्हणाला, "ताई, इंडिकेटर." ताईंनी तो बंद केला, आमच्या गाडीवरच्या एलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही नीट शिका!"